गंगीबाईचा सडा

आधीच सांगून ठेवते, मी रनाळ्याची. रनाळ्याच्या बायका तोंडाच्या फाटक्या, असं माझी सासू म्हणायची, आणि तिचं तेवढं एकच म्हणणं मी आयुष्यात मान्य केलं. खापरच्या बाजारपेठेत, हमरस्त्याला लागून, माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी, एक भट्टी आणि वर पत्रा. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. भजी चांगली आणि बाई तापट, हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. तरी येतात.

माझ्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, श्रेणिकशेठनं कपड्याचं दुकान बांधायला काढलं. तीन मजली. खाली साड्या, मध्ये शर्ट-पँटी, वर लग्नाचा बस्ता. खापरला एवढं दुकान होतंय म्हणून आम्हीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? पण पायाचं काम सरलं, भिंती उठल्या, फरशी कापायला लागले, आणि तो पांढरा धुरळा सुरू झाला. भज्यांवर धुरळा, कपात धुरळा, माझ्या डोक्यात धुरळा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय बाई, भज्यांले पिठीसाखर लाई का?" मी म्हणायची, "हा, शेठकडथून फुकट येस, खाई ल्या."

शेठनं इमारतीला हिरवी जाळी लावली होती बरं का. रस्त्याच्या बाजूनं. मागच्या बाजूला, जिथं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथं जाळीचा धागासुद्धा नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, वा, काय बंदोबस्त आहे! आणि मागं बायका भाकरी थापायच्या त्या तव्यावर सिमेंट पडायचं.

गंगीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडतानाच. नवापूरकडच्या, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातली कोकणी आदिवासी बाई. बुटकी, काटक, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. पावसाळ्यात घरची थोडी भातशेती, बाकी वर्षभर नवऱ्याबरोबर बांधकामावर. घरात त्यांची आपसातली बोली कोकणी, आमच्याशी मात्र आमची अहिराणी, जरा हेल काढून. त्या दिवशी मुकादम उदेसिंगनं तिच्या हातात झाडू दिला आणि म्हणाला, स्लॅब झाडून काढ. बाई झाडू धरून उभीच.

"पाणी कोठे शे?" तिनं विचारलं.

"पाणी कसाले? झाडू मार."

"कोरडा?" ती एवढ्यानं ओरडली की माझा झारा तेलात पडला. "कोण मरनं आठे?"

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे बाई सकाळी उठली की अंगणात आधी पाण्याचा हबका मारते, धूळ बसवते, मग झाडते, आणि वर शेणाचा सडा टाकते. हे चुकत नाही. चुकतं ते एकाच वेळी, घरात कुणी गेलं तर. सुतकात सडा नसतो. ज्या दारात सडा दिसत नाही, तिथं कुणीतरी गेलंय, हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही न विचारता समजतं. म्हणून ती "कोण मरनं" म्हणाली, आणि नव्या इमारतीवर असला शब्द ऐकून उदेसिंगचं तोंड कारल्यासारखं झालं.

तेवढ्यावर ती थांबली असती तर गंगीबाई कसली! बादली घेऊन सरळ रस्ता ओलांडून माझ्या हॉटेलात आली आणि न विचारता माझ्या पिंपात बुडवली.

मी उसळले. "ओ बाई! बापनं पाणी शे का?"

तिनं माझ्या परातीकडे बोट केलं. "आन तो भज्यावरना धुरळा मन्हा बापना शे का?"

मला हसूच फुटलं. एवढं चोख उत्तर मला खापरात कुणी दिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिची बादली माझ्या पिंपावर हक्कानं भरायची, आणि दुपारी ती माझ्याकडे चहाला बसायची. आमची भांडणंही व्हायची, पण ती आमची आमची.

तिचा नवरा दलपत. उंच, जरा वाकलेला, कायम हसरा. तो कटरवाला. फरशी कापायची, ग्रॅनाइटच्या कडा मारायच्या, भिंतीत वायरीसाठी झिऱ्या पाडायच्या, सगळं त्याच्याकडे. कटर चालू झालं की माणूस धुरळ्यात गडप व्हायचा, नुसता आवाज उरायचा. बाहेर यायचा तेव्हा भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं. माझ्यासमोर येऊन म्हणायचा, "जसोदाबाई, चहा द्या, म्हातारा व्हयनू." आणि हसायचा. मग खोकायचा. खोकला एवढा चालायचा की चहावर साय धरायची.

गंगीबाई त्याला आधीच सरकारी दवाखान्यात नेऊन आली होती. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं होतं, दगडाची धूळ फुफ्फुसात बसलीय, गेली ती आता निघणार नाही, पण यापुढं आणखी जाऊ देऊ नका. संपलं. औषध तेवढंच. दलपतच्या छातीत जेवढा श्वास उरला होता, तेवढा राखायचा होता. गंगीबाई भांडायची ती त्याच्यासाठी, दुसरं तिला काही नको होतं.

मला संताप कशाचा येतो सांगू? कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. श्रेणिकशेठ शिकलेला, त्याला ठाऊक. इंजिनिअर यायचा, त्याला ठाऊक. उदेसिंगला तर सगळ्यात जास्त ठाऊक, कारण त्या कटरला पाण्याची नळी लावायची सोय होती, आणि ती नळी त्यानंच स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. का? तर पाण्यानं फरशीवर राडा होतो, राडा पुसत बसावं लागतं, खालचं सुकायला वेळ लागतो, आणि मुहूर्त तोंडावर आलाय!

मुहूर्त होता आखाजीचा. पंचांगात अक्षय तृतीया, आमच्या खानदेशात आखाजी. श्रेणिकशेठची आई तीजाबाई वर्षीतप करत होती. म्हणजे एक दिवस कडक उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. त्या तपाचं पारणं आखाजीला उसाचा रस पिऊन होतं. मोठी गोष्ट असते ती जैनांत, लांब लांबचे नातेवाईक येतात. त्याच सकाळी दुकानाची फीत कापायची असं शेठनं ठरवलं होतं. पत्रिका छापून वाटूनही झाल्या होत्या.

मी गंगीला एकदा म्हटलं, "अगं, सोडून दे ना काम. ने त्याला घरी."

"मन्हा दलपत उठना तं आमशा बठी," ती म्हणाली. आमशा म्हणजे तिच्याबरोबरच्या रूपलीबाईचा नवरा, शेजारच्याच पाड्यावरचा. "आमशानं काळीज काय पत्रानं शे? नही. पाणी लागी म्हंजे लागी."

मग तिनं स्वतःच लोटा हातात घेतला. दलपत कटर धरायचा आणि ही शेजारी उभी राहून पात्यावर बारीक धार सोडायची. धुरळा उडायचाच नाही, नुसती पांढरी लापशी खाली गळायची. विटा वाहायचं तिचं काम तसंच पडून राहायचं. उदेसिंग ओरडला, "तुला विटा वाहायला आणलंय का नवऱ्याला आंघोळ घालायला?"

"आते उभ्याले आंघोळ घाली ऱ्हायनू," ती म्हणाली, हात जरासुद्धा न हलवता. "आडव्याले घालानी पाळी नको."

दलपत बिचारा मध्येच. "जाऊ दे ना गंगे, थोडंच राह्यनं," म्हणायचा. त्याच्यावरही ती खेकसायची. तिला नवऱ्याचाही धाक नव्हता आणि नवऱ्याची लाजही नव्हती.

शेवटी श्रेणिकशेठ स्वतः आला. बोलायला फार गोड माणूस. म्हणाला, "गंगीबाई, मुहूर्तापर्यंत सांभाळून घ्या. मग पाणीच पाणी." आणि मास्कचा खोका दिला. कोरोनातले उरलेले, पातळ कापडाचे. दलपतनं लावला, काम सुरू केलं, आणि जरा वेळानं मास्क असा चिकट पांढरा झाला की त्यातून वाराही आत जाईना. गंगीबाईनं तो त्याच्या तोंडावरून ओढला आणि कटरच्या तोंडाला बांधला.

"शेठ, पहिले यानं तोंड बंद करा," ती म्हणाली.

शेठचा गोडवा तिथं संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कामावर आल्या तर इमारतीवरचं पाण्याचं पिंप खोलीत घालून कुलूप लावलेलं. किल्ली उदेसिंगच्या खिशात. हुकूम असा की टाइल्स बसवायच्यात, सगळं कोरडं पाहिजे, स्लॅब कोरडा झाडा आणि कटर कोरडं चालवा. आणि समोरच्या हॉटेलातून पाणी आणलं तर कामावरून काढू. म्हणजे माझ्या पिंपावरही शेठचा हुकूम! मी झारा आपटला, पण मी काय करणार होते?

तो बाजाराचा दिवस होता. रस्ता फुलून गेलेला. गंगीबाईनं झाडू घेतला, त्याच्याकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग इमारतीच्या फाटकाशी आली, भुईवर मांडी घातली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. रूपलीबाई गेली, तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्या. सगळ्या ओळीनं, पदर तोंडावर, गप्प.

उदेसिंग धावत आला. "हे काय नाटक?"

पदराच्या आतून गंगीबाईचा आवाज आला, "सडा टाकू देत नही, म्हंजे सुतक शे. सुतकना घरमा काम करतस का? बठतस."

तुम्ही बाजाराच्या दिवशी खापरला कधी आला असाल तर तुम्हाला कळेल पुढं काय झालं ते. फाटकाशी बायका पदर घेऊन बसल्यात. कुणाची इमारत? शेठची. दारात सडा नाही, कोरडंठाक. मग गेलं कोण? शेठच्या घरात म्हातारं माणूस एकच, आणि ती वर्षभर उपास करतेय! "तीजाबाई गयी," असं कुणीतरी म्हणालं आणि ते बाजारभर सुटलं. "पारण्याच्या तोंडावर गेली हो!" "काय पुण्यवान बाई!" किराणावाल्यानं शटर अर्धं ओढलं. त्याचं पाहून कापडवाल्यानं ओढलं. सराफानं तर पूर्ण ओढलं आणि कुलूप घातलं. माझ्याच हॉटेलातून माणसं भजी टाकून उठली, जायला पाहिजे म्हणून. मी कुणालाही अडवलं नाही. कशाला अडवू? मला कुणी विचारलं होतं का?

तिकडे तीजाबाई आपल्या घरी तोंडाला मुहपत्ती बांधून सामायिकाला, त्यांच्या ध्यानाला, बसलेली. दारात बायकांचं रडणं आलं. अक्कलकुव्याहून तिची चुलत जाऊ तातडीनं गाडी करून आली होती, छाती पिटत. तीजाबाईनं उठून दार उघडलं आणि विचारलं, "कौन गया?" त्या जावेनं समोर पाहिलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. हे मला नंतर तीजाबाईच्या सुनेनं, फाल्गुनीनं सांगितलं. सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

इकडे फाटकाशी शंभरेक माणूस जमलेलं, पांढऱ्या टोप्या, खाली माना. श्रेणिकशेठ घामाघूम. "अहो कुणी गेलं नाही! आई बरी आहे!" असं तो ओरडत होता आणि लोक त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणत होते, "धीर धर भाऊ, असं होतं धक्क्यानं." दलपत मागं खडीच्या ढिगावर बसला होता. त्याला फार लाज वाटत होती. शेजारच्या आमशाला हळूच म्हणाला, "मन्हा दुखवटा आन मलेच चहा नही?"

तेवढ्यात मयत स्वतः चालत आली.

तीजाबाई. पांढरी साडी, हाडं मोजावीत इतकी वाळलेली, पण चाल अशी की गर्दी आपोआप फाटली. सराफ तर तिला पाहून हात जोडून दोन पावलं मागं सरला. ती थेट गंगीबाईपुढं उभी राहिली.

"कोण गेलं म्हणून बसल्या गं तुम्ही? मला मारलं?"

गंगीबाईनं पदर मागं सारला. वर पाहिलं. आवाज चढवला नाही, उगाच सांगत नाही, पण तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"माँजी, आजून कोनी मरनं नही. मन्हा नवरा मरी ऱ्हायना. एकदम नही, रोज थोडा थोडा, तुम्हना फरशीना धुरळा खाईखाईसन. मरावर आम्ही आम्हना डोंगरमा ऱ्हासूत. तुम्हले तितलं लांब यावाले तरास. म्हनीसन तो जिता शे तवयच बठनूत. दखी ल्या त्याले."

तिनं मागं बोट केलं. तीजाबाईनं खडीच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इकडे ये बेटा."

दलपत उठला. ढिगापासून फाटकापर्यंत अंतर ते केवढं, पण तो आला तेव्हा दमला होता. त्यानं रामराम करायला हात जोडले, तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर येईना. नुसता श्वास. आत जाताना शीळ, बाहेर येताना शीळ. तीजाबाई त्याच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली. आम्हीही सगळे उभे राहिलो. रामराम आला, पण फार उशिरा आला. हा माणूस रोज माझ्यासमोर हसत चहा प्यायचा आणि मी त्याच्या मिशांना हसायची.

तीजाबाई लेकाकडे वळली. ती बाई काही देवी नाही हो, तिचा पहिला राग आपल्याला जिवंतपणी मारल्याचाच होता. "मुहूर्त मुहूर्त करतोस," ती म्हणाली, "आणि दुकान उघडायच्या आधी दारात सुतक बसवलंस? सगळा बाजार माझ्यावर रडून गेला! सडा टाक. आत्ता, सगळ्यांसमोर. कळू दे लोकांना कुणी गेलं नाही म्हणून."

शेठनं उदेसिंगकडे पाहिलं, उदेसिंगनं बायकांकडे.

"आम्ही सुतकवाला," गंगीबाई म्हणाली. "ज्यानं घर त्यानी टाकावा."

"ऐकलंस ना?" तीजाबाई म्हणाली.

पिंपाला कुलूप, किल्ली उदेसिंगच्या खिशात, आणि उदेसिंगला घाईत खिसाच सापडेना. मग मी पुढं झाले. माझ्या पिंपातून बादली काढली, काठोकाठ भरून दिली शेठच्या हातात. म्हटलं, "घ्या शेठ, समोरच्या हॉटेलनं पाणी शे, चाली का?" इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस भर बाजारात सडा टाकायला लागला. कसला टाकतो! अर्धं पाणी एकाच जागी, उरलेलं स्वतःच्या पायांवर. लोक आधी घाबरत हसले, मग मोकळे हसले. सराफानं कुलूप काढलं. पण फाटकासमोरचा धुरळा बसला, हे मी पाहिलं.

बायका उठल्या नाहीत.

"आता काय?" शेठ रडकुंडीला आला.

"हाऊ दारना सडा व्हयना," गंगीबाई म्हणाली. "आते वरना. पिंप वर चढाडा. कटरले नळी लावा. दगडना चुरावर ताडपत्री टाका. आन मांगला अंगले बी जाळी. तठे बी माणसंच ऱ्हातस."

"मुहूर्त चुकेल, आई!"

"चुकू दे," तीजाबाई म्हणाली. "मी जिवंत आहे ना? पुढचा मुहूर्त बघेन."

पिंप वर गेलं. मी स्वतः मोजून मापून बघत होते, कुणी फसवतंय का. नळी लागली, ताडपत्री आली, आणि दोन दिवसांनी मागच्या बाजूला हिरवी जाळीही चढली. जाळी चढल्यावर मगच गंगीबाईनं झाडूला हात लावला, आणि तोही हबका मारून. उदेसिंग जाता येता म्हणायचा, हे काम संपू दे, तालुक्यात तुला कोण उभं करतं बघतो. ती म्हणायची, "मी उभी करावर नही ऱ्हास, मी बठस. दखं ना तू?"

आखाजीला दुकानाचा फक्त खालचा मजला उघडला. वरचे दोन अर्धवट. तीजाबाईनं उसाचा रस घेतला, बँड वाजला, फोटो निघाले. मी त्या सकाळी घरी माझ्या नवऱ्याची घागर भरत होते. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. लाल मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज. वर्षभर तहानलेला असतो म्हणतात, त्या दिवशी पाणी पितो. गंगीबाईच्या डोंगरात ही रीत नाही. ती दारात उभी राहून बघत होती.

"मरावर पाणी?" तिनं विचारलं.

"हो. आमची रीत आहे."

"ब्येस रीत शे," ती म्हणाली. "जिता माणूससाठे काढाले पाहिजे व्हती."

मी तिला शिवी दिली. सणाच्या दिवशीही हिचं तोंड गप्प बसत नाही.

दलपतनं त्या इमारतीचं काम पुरं केलं. पाण्यावर केलं, एकही फरशी कोरडी कापली नाही. त्याचा खोकला वाढला नाही, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण आधी गेलेली धूळ कुठं जाणार होती? ती आतच होती. पुढच्या थंडीत तो त्यांच्या पाड्यावरच गेला, उन्हात खाटेवर बसल्या बसल्या. मला निरोप आला तेव्हा मी भट्टी तशीच विझवली आणि नवापूरची जीप धरली. तिथं पोचले तर दारात तीजाबाई, गाडी करून आलेली, चढणीनं धापा टाकत. गंगी रडत नव्हती. तिनं म्हातारीचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "माँजी, तुम्ही तं दोनदा उनात, तो जिता व्हता तवय बी." मग म्हातारीच रडली. मीही रडले, आणि माझं रडणं काही शोभेचं नव्हतं, नाक गळेपर्यंत रडले.

सुतक फिटल्यावर गंगी खापरला परत आली. उदेसिंगनं हमरस्त्यावर, दुसऱ्याच एका मालकाचं, लग्नाच्या हॉलचं काम धरलं होतं, माझ्या हॉटेलापासून जवळच. तिला घ्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण रूपलीबाई आणि बाकीच्या म्हणाल्या, ती नाही तर आम्हीही नाही. घेतलं. कटरवर आता आमशा.

यंदाची आखाजी आली. सणाच्या दिवशी खरं तर कुणी काम करत नाही, पण या मालकालाही लग्नसराई गाठायची होती. सकाळी गंगी माझ्या दारात. काखेत लाल, कोरी घागर.

"दलपतनी भराले शिकाड," ती म्हणाली.

मी तिच्याकडून सगळं करून घेतलं. घागर धुतली, भरली, वर मडकं ठेवलं, खरबूज ठेवलं, कुंकू लावलं, दलपतचं नाव घ्यायला लावलं. तिनं नाव घेतलं, मोठ्यानं, डोंगरात हाक मारतात तसं. मग खरबूज उचलून माझ्या हातात दिलं, मडकं खाली ठेवलं, घागर कमरेवर घेतली आणि चालायला लागली.

"अगं, कुठं? ती हलवायची नसते!"

ती थांबली नाही. मी खरबूज घेऊन तिच्या मागं. हॉलच्या आवारात आमशा पांढऱ्या ढगात बसलेला, कटर करकरतंय, कोरडं. नळी भिंतीला गुंडाळून ठेवलेली. उदेसिंग लांबून ओरडला, "आज एक दिवस! आजचा एकच दिवस!"

गंगीबाई त्या ढगात शिरली. घागर कलती केली आणि पात्यावर धार धरली. ढग खाली बसला. आमशा दिसायला लागला, आधी डोकं, मग भुवया, मग त्याचे मिचमिचे डोळे.

"गंगे!" मी ओरडले. "ते दलपतचं पाणी आहे गं! मेलेल्याचं पाणी!"

"त्यालेच दिधं," ती म्हणाली. धार तिनं मोडली नाही. "त्याले पाणी आठेच, कटरवर लागे."

उदेसिंग धावत आला आणि घागर पाहून मागं सरला. पितरांच्या पाण्याला कोण हात लावणार आणि कोण नको म्हणणार? घागर रिकामी झाली तशी तिनं ती माझ्याकडे वळवली.

"भरी दे," ती म्हणाली. "आजून लई फरशी बाकी शे."

मी खरबूज तिथंच विटांवर ठेवलं आणि घागर घेऊन माझ्या पिंपाकडे पळाले.